लाइलचे फाउल

स्टुडिओत एक माइक, एक तारयंत्र, प्रेक्षकांच्या गलक्याच्या दोन तबकड्या, एक पोकळ लाकडी ठोकळा आणि आम्ही तिघं. बेसबॉलचं मैदान तिथून दोनशे मैलांवर. आमचा संघ बाहेरगावी खेळत असला की वेल्मा तारेची कटकट ऐकून प्रत्येक चेंडूची चिठ्ठी लिही, ऑर्विल ती वाचून समोर घडल्यासारखं सांगे, आणि मी ठोकळ्यावर काठी मारून बॅटचा आवाज काढी. सगळं पिओरिया शहर रेडिओला कान लावून बसे.

"भौतिकशास्त्राची पदवी घेऊन लाकूड बडवतोस," ऑर्विल म्हणायचा. "आईला कळवलंयस का रे?"

त्या दुपारी त्याचा धाकटा भाऊ लाइल फलंदाजीला आला. दोन स्ट्राइक झाले, तिसरा म्हणजे बाद; आणि नेमकी तार मुकी झाली.

अशा वेळची रीत ठरलेली होती. चेंडू बॅटला लागून रेषेबाहेर गेला की फाउल; दोन स्ट्राइकनंतर असे कितीही फाउल गेले तरी फलंदाज बाद होत नाही. म्हणून तार जोडली जाईपर्यंत फाउल मारत राहायचे. ऑर्विल सांगत होता, मी ठोकत होतो.

आठव्या फाउलनंतर यंत्र बोलू लागलं. लिहिता लिहिता वेल्माचा हात थांबला, मग तिने चिठ्ठी पुढे सरकवली. 'चेंडू लाइलच्या कानशिलावर. खेळ थांबला. डॉक्टरांना नाडी लागत नाही.'

ऑर्विलने ती वाचली, घडी करून खिशात घातली.

"पिचरने हात फिरवला... आणि पुन्हा फाउल! चिवट आहे हो आमचा लाइल!"

मी ठोकलं. मग गलका मोठा करून त्याच्याकडे वाकलो.

"ऑर्विल, पुरे कर."

त्याने माइकवर तळहात धरला. "फाउलवर कोणी बाद होत नाही, पोरा. ठोक."

मी काठी खाली ठेवली.

त्याने पुढचा चेंडू सांगितला. खट्.

वेल्माने माझ्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते.

पुढचा चेंडू. खट्. आवाज पोकळ नव्हता. भरीव लाकडावर कातडं आपटल्याचा होता.

यंत्र कटकटलं. वेल्मा पुटपुटली, "नाडी लागली. फार संथ. दोन ठोक्यांत एकोणीस सेकंद. डॉक्टर पुन्हा मोजतायत."

ऑर्विलचा घसा बसत चालला होता. तो पाण्यालाही थांबला नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. फाउल ते फाउल, एकोणीस सेकंद.

मग त्याला ठसका लागला.

पुढचा फाउल सव्वीस सेकंदांनी आला.

वेल्माने नवी चिठ्ठी लिहिली. दोन ठोक्यांत सव्वीस.