वाजणारा नारळ

चार हजार मीटर खाली सुलभा कुबल निवांत डब्यातले घावणे खात होती. काचगोलाचं कौतुक ते हेच. काच अशी, की बाहेरचा दाब वाढेल तशी घट्ट होणारी, आणि आत दोन माणसांना घरच्यासारखी हवा. शेजारी प्राणिशास्त्रज्ञ सोमण काचेला नाक लावून बसले होते. शंभर मीटर वर, दुसऱ्या गोलात, तिचा थोरला भाऊ दत्ताराम एकटाच उतरत होता.

बाहेरच्या टोपलीत पितळी नारळ बांधलेला होता. दर्याला नारळ दिल्याशिवाय गाबताचं, दर्यावर जगणाऱ्या घरातलं, पोर खोल पाण्यात जात नाही. साधा नारळ वरच फुटला असता, म्हणून बाबांनी जाड पितळेचे, आत पाणी भरलेले दोन घडवून घेतले, एकेका गोलाला एक. बाहेर पोकळ काही न्यायचं नाही, हा नियम सुलभाला पाठ होता. तरी सकाळी टोपलीत बांधण्याआधी तिनं सवयीनं नारळ कानाशी हलवला होता. आत पाणी वाजलं होतं. वाजला म्हणजे चांगला, न वाजणारा नारळ दर्याला देतच नाहीत. एवढी शिकलेली बाई, पण खुळी ती खुळीच.

चार हजार एकशेवर पितळ आत चेपलं. त्या धक्क्यानं गोलाचा यांत्रिक हात उखडून काचेवर आदळला. सोमणांचं कपाळ कडीवर फुटलं, रक्त सुलभाच्या तोंडावर उडालं. काचेला वीतभर तडा गेला. वजनं सोडायची मूठ अडकली होती. ती लाथा घालत राहिली. घोट्याचं हाड मोडलं तेव्हा कुठे वजनं सुटली आणि गोल वर निघाला.

"काय होतं ते?" सोमण कण्हले.

"नारळ," ती म्हणाली. वाजणाऱ्या पाण्याला हलायला जागा लागते, आणि त्या जागेत हवा असते. दादाचा नारळही सकाळी तिनंच वाजवून दिला होता.

तिनं ध्वनिफोन ओढला. "दादा, वजनां सोड. नारळ पोकळ आसा."

"खूळ लागला काय तुका? दर्याचो नारळ तो."

"माझो फुटलो. चार हजार एकशेर."

दादानं खोलीचा काटा पाहिला असावा. मग दादा हळू म्हणाला, "मी चार हजार नव्वदार आसंय गो."

धक्का बसला. तडा बोटभर पुढे सरकला. सुलभा हाका मारत राहिली, फोन खरखरत राहिला. फुटला तो नारळच, की गोलही? वर बोटीच्या कठड्याशी बाबा उभे असणार, आणि आधी विचारणार, दोन्ही नारळ दर्याला पोचले का? त्यांना तिनं काय सांगायचं?