शंभूच्या सहीचं पान

"मॅडम, वही गेली! उद्या कोर्टात काय दाखवू मी?"

फोनवर रेश्मा रडायच्याच बेतात होती. डिचोलीहून उपनिरीक्षक संजना गावस तडक एका बंद खाणीच्या शेडमध्ये पोचली. आत प्लायवूडची कोठडी उभी होती. रेश्माच्या बापानं, भिकाजीनं, तुरुंगातल्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाचा सिनेमा तिथं चालला होता.

भिकाजी एका खुनापायी चौदा वर्षं आत होता. आणि खरा खुनी कोण? त्याच कोठडीत चोरीच्या शिक्षेवर आलेला शंभू! तापात जगत नाही असं वाटल्यावर त्यानं भिकाजीच्या वहीत कबुली लिहून सही केली. मेला मात्र नाही.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" संजनानं भिकाजीला विचारलं.

"शब्द दिलेलंय बाय. तो जिता आसासर पान भायर काढूचा नाय. गेल्या वर्साक गेलो तो."

शंभू जिवंत असेतो पान न दाखवण्याचा शब्द म्हणे! संजनाचं डोकंच तापलं. बायको त्या कलंकात खंगून गेली, पोरीला गावानं खुन्याची पोर म्हणून हिणवलं, आणि हा शब्द पाळत बसला.

पुस्तकात ते पान नव्हतंच; बापावरचा डाग पुसायला रेश्मा ते उद्या पहिल्यांदाच कोर्टात दाखवणार होती. काल दिग्दर्शक गौरेशनं त्या पानावर बेतलेला सिनेमाचा नवा शेवट सगळ्यांना वाचून दाखवला. आज जेवणाच्या सुट्टीत भिकाजीच्या ट्रंकेतून वही गायब. फाटकाबाहेर कोणी गेलेलं नव्हतं.

"गाजावाजा व्हावा म्हणून तूच लपवली नाहीस ना?"

"काहीतरीच काय! वही नाही तर माझा शेवट कोण खरा मानेल?" गौरेश वैतागला. "कोठडीतलं काम सकाळी आटोपलं म्हणून बरं."

मग सेट बांधणारा सुदेश.

"तुरुंग आतून बघितलायस?"

"नाही मॅडम. पुस्तक वाचूनच बांधलं."

"झकास बांधलंयस." संजना भिंतीला टेकली. खाकी बाहीला करडा रंग लागला.

"हुबेहूब तीच," भिकाजी पुटपुटला. "तिसऱ्या गजाक सुतळीसुद्धा गुंडाळलेली."

संजनानं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"भिकाजी, ती सुतळी कोणी गुंडाळली होती?"

"शंभून. टॉवेलाक गंज लागता म्हणान."

"कोणाला सांगितलं होतं?"

"कोणाक नाय."

"पुस्तक मी दोनदा वाचलंय. त्यातही सुतळी नाही. कोठडीत माणसं दोनच. तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे शंभू बोलला, आपल्या घरी." ती वळली. "सुदेश, बापाचं नाव काय तुझ्या?"

सुदेशची नजर भिंतीकडे गेली.

"आणि काम सकाळी आटोपलं, तर दुपारी ही भिंत कोणी रंगवली?" तिनं बाही पुढे केली. सोबतच्या शिपायानं तिथला प्लाय उचकटला. आत वही होती.

सुदेश वहीकडे बघत म्हणाला, "जाळणार होतो. काडीही ओढली. पण अक्षर बाबांचं... हात धजेना. गावी, मांद्र्याला, आई रोज त्यांच्या फोटोला फूल वाहते. तिला काय सांगू?"

रेश्मानं वही छातीशी धरली.

"माझी आई हे पान न वाचताच गेली. उद्या कोर्टात मी ते मोठ्यानं वाचणार. तुझ्या आईला गावाकडून कळायच्या आधी तू सांग."

संजनानं आपला फोन त्याच्यापुढे धरला. सुदेशनं नंबर लावला.

"जेवलास रे, बाबू?" पलीकडून आईनं विचारलं.