सारिकाचं शेवटचं गाणं

"ताई, नंबर कितवा चालू आहे?"

धुळ्यात कान-घशाच्या डॉक्टरांकडे बसलेल्या सारिकाला शेजारच्या तरुणानं तिसऱ्यांदा विचारलं. तिनं घशाकडे बोट दाखवलं आणि वहीत लिहिलं — 'बोलायला बंदी आहे. अकरा. आणि मी ताई नाही.'

तो कानापर्यंत लाल झाला. नवल त्याचं नाव, पिंपळनेरला मास्तर. आईचा कान दाखवायला आला होता. त्या आईनंच ओढणीआडचा चेहरा ओळखला आणि बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं म्हणाली, "हाई ते सारिका शे! गानारी!"

अख्खा दवाखाना वळून पाहू लागला. खानदेशातली एकही हळद तिच्या गाण्यावाचून होत नव्हती.

"खरं सांगू?" नवल हळूच म्हणाला. "तुमची गाणी मला... जरा कर्कश वाटतात. त्या डीजेमुळे."

सारिकानं रोखून पाहिलं. मग लिहिलं — 'मलाही.'

आईचा कान दुसऱ्याच खेपेला बरा झाला. तरी सारिकाच्या तपासणीचा एकही शनिवार नवलनं चुकवला नाही. सकाळची शाळा आटोपून तो एसटीनं यायचा, पावसानं अर्धा भिजलेला. तो बोलायचा, ती लिहायची.

"तुम्ही चिडलात तर कळणार कसं?"

'अक्षर मोठं होईल.'

"मग आज एवढं बारीक का?"

ती खाली पाहायची... पेन नुसतंच फिरत राहायचं.

चौथ्या शनिवारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सहा महिने गाणं नाही. आत्ता गायलात, तर वरचा आवाज कायमचा जाईल.

आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, जळगावला भिकननानांच्या मुलीची हळद होती. पेटी वाजवणाऱ्या याच नानांनी पोरक्या सारिकाला घरी वाढवलं होतं, सूर शिकवला होता. तुझ्या हळदीत मीच गाईन, असा शब्द तिनं त्या मुलीला दिला होता.

"नको गाऊस," नवल म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

'एकच गाणं.'

"सारिका, नको ना..."

तिनं वही मिटली. तो एसटीकडे निघून गेला.

रविवारी दुपारी मांडवात ती उभी राहिली. पहिलं कडवं गोड गेलं. दुसऱ्यात सूर वर चढला, आणि मध्येच फाटला. नुसती हवा आली. नानांचे हात पेटीवर थांबले. मग हळद लावणाऱ्या बायकांनीच, पिवळ्या हातांनी, ते गाणं जमेल तसं पुढे नेलं.

सारिका मांडवामागे आली. तिथं केळीच्या खांबाला टेकून नवल उभा होता.

"माझं गाणं संपलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "राग शे?"

"शे. बराच दिवस राहील."

"मंग जा ना."

"जास नही."

"पण आता मी ती सारिका नाही, नवल. लोक विसरतील. तुलाही उद्या वाटेल—"

"उद्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "आज तू माले आवडस. एवढंच सांगायला आलो."

आत बायका गातच होत्या. सारिकानं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मोकळेपणी रडू लागली. रडण्याचाही आवाज फुटत नव्हता. नवल तिथून हलला नाही.