नवरात्रातले नऊ दिवस

"माझ्या आईला तिची सून विष घालतीय," खुर्चीत टेकायच्या आधीच मोनिकाबाई म्हणाल्या.

"कसलं विष?" सबिहा तांबोळीने विचारलं.

"गव्हाचं पीठ."

रंगनाथ मास्तरांना हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. बाईंचे डोळे रडून सुजलेले होते.

सबिहा मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. आधी विमा कंपनीसाठी दवाखान्यांचे खोटे दावे शोधायची, आता नगरला स्वतंत्र तपासाचं काम करी. निवृत्तीनंतर मास्तर तिच्याकडे टिपणं लिहायला येत. तपासातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

मोनिकाबाईंनी दोन रिपोर्ट पुढे केले.

"आई राहात्याला भावाकडं असती. गेल्या साली सारखे जुलाब, पोट फुगायचं, अंगात रक्त न्हाई. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. सीलिअ‍ॅक म्हणाले."

"गव्हाने लहान आतड्याचं अस्तर झडतं, सर," सबिहा मास्तरांकडे वळली. "खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच, गहू जन्मभर बंद. कणभरसुद्धा नाही."

"बंदच हाय की! उन्हाळ्यात तीन महिने माझ्याकडं शेवगावला हुती, भाकरीच खायची. चार किलो वजन वाढलं. पोट दुखलं तर आमच्यात चिमूटभर ओवा, बास. राहात्याला गेली की पुन्हा तेच. परवा पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय." त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "पोलिसांत द्यायचा अर्ज हाय. उद्या देनार, आन् आईला कायमची घेऊन जानार."

"उद्या दुपारपर्यंत तो पर्समध्येच राहू द्या," सबिहा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं राहात्याला पोचली. मोनिकाबाई आधीच येऊन ओट्यावर बसल्या होत्या. विषाचं आणि अर्जाचं सगळ्यांना ऐकवून झालं होतं, पण घरात पाऊल टाकलेलं नव्हतं.

सून सृष्टी पदराला हात पुसत आली. तिने पाहुण्यांना ताक दिलं. जिरं आणि हिंगाचा वास मास्तरांच्या नाकात भरला. विष घालणारी बाई इतकं चांगलं ताक करते, याचं त्यांना उगाच वाईट वाटलं.

"घरात गहू कुठे ठेवता?" सबिहाने विचारलं.

"नाहीच. आईंना बंद झाल्यापासून सगळ्यांनाच बंद केला. सगळे बाजरी खातो. गिरणीसुद्धा घरातली आहे, तिच्यात गव्हाचा दाणा पडलेला नाही. बघा ना तुम्ही."

मास्तरांनी चष्मा चढवला आणि मांडणीवरचं सगळं वाचून काढलं. गोळ्यांची पाकिटं, बेसनाची पिशवी, मीठ, पापड. मिसळणाच्या डब्याला आणि शेजारच्या हिंगाच्या डबीला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्यात काय वाचायचं?

तेवढ्यात सृष्टीचा नवरा आदिनाथ शिर्डीहून आला. तिथे त्याचं हार-प्रसादाचं दुकान होतं. मास्तरांचं लक्ष त्याच्या पिशवीकडे गेलं. आत बिस्किटांचा अर्धा पुडा होता.

"हे कुणासाठी?" मास्तरांचा आवाज त्यांच्याच कानाला परका वाटला.

आदिनाथ ओशाळला. "माझ्यासाठीच. घरात मिळत न्हाई, तर दुकानावर चहासंगं खातो. हिला सांगू नका, लई बोलंल."

"ऐकू आलं मला," सृष्टी आतून म्हणाली. "आईंसमोर पिशवी तरी उघडू नका."

मास्तर खजील होऊन मागे सरले.

गोजरबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगटं काडीसारखी.

"आजी, चोरून काही खाता का?" सबिहाने थेट विचारलं.

"खाया भूक तर लागाया पायजे, बाई."

"मधे कधी बरं वाटलं होतं?"

"नवरात्रात. नऊ दिस पोटात कळ न्हाई का काय न्हाई. देवीनं सांभाळलं. भगर, शेंगदान्याची आमटी आन् ताक. दसऱ्याला उपास सुटला, आन् हप्त्याभरात पुन्हा सुरू."

"कळ आली की सून काय देते?"

"ताक. दिसातून तीनदा. लई कळ आसली तर चारदा. लेकीगत करती हो."

सबिहाने सृष्टीला हाक मारली.

"उपवासाच्या ताकात काय घालता?"

"नुसतं जिरं आणि मीठ. हिंग उपवासाला चालत नाही ना."

"का चालत नाही?"

सृष्टी गोंधळली. "ते काय माहीत. आईंनीच शिकवलंय."

"आजी, का चालत नाही?"

"माझी सासू सांगायची, त्यात पीठ आसतं म्हनून."

बोलता बोलता गोजरबाई थबकल्या.

सबिहाने मोनिकाबाईंना आत बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टर बरोबर होते," सबिहा म्हणाली. "गहू पोटात जातच होता. पण या घरात दाणा नाही, आणि ज्याच्याकडे बिस्किटं आहेत तो ती बाहेरच खातो. मग मी उलटं बघितलं. आजी बऱ्या कधी होत्या? शेवगावला, आणि नवरात्रात. नवरात्रात भाकरी बंद होती, म्हणून वाटेल भाकरीतच काही आहे. पण शेवगावला त्या भाकरीच खात होत्या. ताक तर नवरात्रातही होतं. दोन्हीकडे नव्हतं असं एकच. शेवगावला पोटदुखीवर हिंग नाही, ओवा असतो, आणि उपवासाला हिंग चालत नाही. सर, ती डबी वाचता?"

मास्तरांनी डबी खिडकीपाशी नेली. अक्षरं मुंगीएवढी होती.

"गव्हाचं पीठ," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळ्यात पहिलं तेच लिहिलंय. हिंग नंतर."

"निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून पीठ मिसळून विकतात. बहुतेकांना त्याने काहीच होत नाही. आजींना मात्र चिमूटभरसुद्धा पुरे आहे. पोट दुखलं की हिंगाचं ताक, ताकाने आतडं आणखी बिघडलं, मग आणखी ताक."

सृष्टीने मांडणीकडे पाहिलं. "म्हणजे ताई खोटं बोलत नव्हत्या. मीच घालत होते."

मास्तरांना वाटलं, आपण सकाळीच ती डबी वाचली असती तर हिला निदान हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं नसतं.

"आतडं भरून येतं," सबिहा हलकेच म्हणाली. "डॉक्टरांना आजच हे सांगा. रक्ताची औषधं ते देतील, सहा महिन्यांनी पुन्हा तपासतील. शेवगावला तीन महिन्यांत चार किलो वाढले होते, विसरू नका."

गोजरबाईंनी हात लांबवला. "मोने, त्यो कागद आन इकडं."

मोनिकाबाईंनी पर्स उघडली. आईने अर्ज न उघडताच उशीखाली सारला.

"हिंगाचं ताक हिला म्याच शिकिवलं," त्या म्हणाल्या. "आता माझं नाव लिव त्यात."

मग त्यांनी पोटावर हात दाबला. कळ आली होती.

सृष्टी सवयीने उठली. तिचा हात मांडणीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. आता काय द्यायचं, ते तिला कळेना.

मोनिकाबाई उंबरा ओलांडून आत आल्या. पर्सच्या तळातून त्यांनी ओव्याची पुरचुंडी काढली. आईला दिली नाही. सृष्टीची मूठ उघडून तिच्या तळहातावर ठेवली.

"घरचा हाय, निवडलेला," त्या म्हणाल्या. "तूच दे तिला."