पांढरी कड

"चोर पकडून नको आहे," घड्याळजी म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं सांगा."

किती वाजले ते सांगावं, तशा कोरड्या आवाजात ते बोलत होते. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी बायको गेली, मागोमाग मांडीचं हाड मोडलं, तीन आठवडे दवाखान्यात गेले. घरी आले तर खिडकीतलं बायकोचं झाड वेगळं दिसलं.

"तिच्या झाडाच्या पानांना पांढरी कड होती. याला नाही. मुलगा म्हणतो, कड कधी नव्हतीच. त्याने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. सोमवारी मला देखभाल केंद्रात ठेवणार आहेत."

"जायचं नाही तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"मी कुठेही राहीन. पण ती कड तिच्याशेजारी बसून अकरा वर्षं पाहिली. ती खोटी असेल, तर बाकीचं तरी किती खरं होतं, कुणास ठाऊक."

वहिनींनी चष्मा पुसला. काम घेतलं, हे भाऊजींना कळलं. वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं तपासायच्या, आता लोकांचे खासगी शोध घ्यायच्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, बसचे निवृत्त कंडक्टर. जन्मभर तिकिटं फाडली, पण फुकटा प्रवासी एकही ओळखता आला नाही.

घड्याळजींच्या घरी मातीची कुंडी खिडकीच्या गजाला तारेने बांधलेली होती.

"ही तार मीच पिळली आहे," घड्याळजी म्हणाले. "मांजर कुंडी पाडायचं. आता ती इंचभर फिरत नाही."

तारेवरचा गंज जसाच्या तसा होता. कुंडीत गुलाबाच्या आकाराचं, जाड पानांचं सक्युलंट. खिडकीकडे पाठ करून खोलीकडे झुकलेलं. खालच्या बशीत, काठाजवळ, साचलेल्या पाण्याचा पांढरा डाग.

भाऊजींनी मातीतून निळा खडा उचलला. "विषारी गोळी! वहिनी, हा विषप्रयोग आहे!"

"चाटून बघा मग."

भाऊजींनी खडा मुकाट्याने रुमालात बांधला.

"तुमच्या पत्नी पाणी किती घालायच्या?" वहिनींनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी, चमच्याने. बशीत थेंब उतरला तरी ओरडायची. पानाला बोट लावू द्यायची नाही. एकदा तिचाच अंगठा लागला, तेवढ्या जागची पांढरी पावडर पुसली गेली. ती पुन्हा येत नाही. तो ठसाही या झाडावर नाही."

सून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. "मी त्या कुंडीकडे फिरकत नाही. एकदा हात लावला, तर सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. कड होती की नव्हती, खरंच सांगता येणार नाही."

मुलगा ऑफिसातून आला. त्याने बूटही काढले नाहीत. "बाबा औषधंसुद्धा विसरतात हो. झाड तेच आहे. आईचं झाड, मी एक दिवस पाणी चुकवलं नाही. रोज पेलाभर!" बोलताना तो सारखा कपाटावरच्या बुटांच्या खोक्याकडे बघत होता.

"नवे बूट घेतले वाटतं?" भाऊजींनी सहज विचारलं.

"जुनेच आहेत," मुलगा चटकन म्हणाला.

तळमजल्यावर घड्याळजींच्या बायकोची मैत्रीण कपडे शिवायची. तिच्या खिडकीत धुळीमध्ये एक स्वच्छ गोल होता.

"इथे काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"दोऱ्याचं रीळ."

"बशीएवढं?"

"मोठं रीळ होतं."

"वरच्या बाईंनी तुम्हाला कधी झाड दिलं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी एक पान दिलं. मातीवर आडवं ठेवलं, पिल्लू फुटलं. पण निघालं साधं हिरवं. बाई म्हणाल्या, कड पानातून उतरत नाही, शेंडा लावावा लागतो."

"कुठे आहे ते?"

"गेलं." तिने निळा खडू उचलला आणि मान खाली घालून कापडावर रेघ ओढली.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना वर बोलावलं.

"सक्युलंट उजेडाकडे झुकतं. हे खोलीकडे झुकलं आहे आणि कुंडी तर फिरत नाही. म्हणजे ते दुसऱ्या खिडकीत वाढलं आणि इथे लावणाऱ्याला झाडातलं कळत नव्हतं. मुळांच्या मातीबरोबर काय आलं? भाऊजी, तुमचं विष दाखवा."

भाऊजींनी रुमाल सोडला. शिवणवालीने ओठ आवळले.

"माझाच खडू. तुमचा मुलगा रडत आला होता हो. कुणाला सांगू नका म्हणाला. मला काय माहीत, तुम्हाला वेडं ठरवतील!"

"बशीतल्या डागाचा अर्थ उघड आहे," वहिनी मुलाकडे वळल्या. "चमचाभर पाण्याच्या झाडाला रोज पेलाभर. मुळं कुजली. बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमचा गोंधळ होतोय. खोटं एवढंसं होतं. पण डॉक्टरांसमोर तेच पुन्हा सांगावं लागलं."

"आई गेली," मुलगा म्हणाला. "तिचं झाडही माझ्याच हातून... कसं सांगणार होतो?"

"आणि सोमवारी बाबांना सोडून आला असतास?" सुनेने विचारलं.

"कुजणं मुळापासून वर चढतं. चांगला शेंडा असेल, तर तुमच्याने फेकवला नसेल. कुठे ठेवलात?"

मुलाची नजर कपाटावर गेली. "बुटांचा खोका!" भाऊजी ओरडले आणि स्वतःच दचकले.

खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंडा निघाला. सुरकुतलेला, पण पानांना पांढरी कड. पाण्याशिवाय, अंधारात, तुटल्या जागेतून दोऱ्यासारखी गुलाबी मुळं फुटली होती.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. बाहेरच्या पानावर अंगठ्याएवढी जागा पावडरीशिवाय होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"तिचाच," ते म्हणाले. "कोरड्या मातीत ठेव. आठ दिवस पाणी नाही."

"बाबा, सोमवारचं मी रद्द—"

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. तू बोलायचं. मी ऐकेन."

शिवणवाली आपलं झाड न्यायला पुढे झाली.

"राहू दे," घड्याळजी म्हणाले. "तिच्याच पानाचं आहे."

त्यांनी पक्कड मागितली, गंजलेली तार सोडली, कुंडी अर्धी फिरवून झाडाचं तोंड उजेडाकडे केलं आणि तार पुन्हा पिळली.