पाच सेंटिमीटर पाणी

आमच्या दहा खाटांच्या दवाखान्यात एक नवाकोरा व्हेंटिलेटर आहे. त्याची फीत कापून सात वर्षं झाली. वरचं प्लास्टिक काढायला तंत्रज्ञ यायचा आहे. तोवर अपुऱ्या दिवसांची बाळं आम्ही बाटलीवर जगवतो. नाकात नळी, तीतून ऑक्सिजन, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत पाच सेंटिमीटर पाण्याखाली. बुडबुडे येताहेत म्हणजे फुफ्फुसांपर्यंत दाब पोचतोय. चिकटपट्टीच्या खुणेखाली पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच शास्त्र.

त्या मुलीचं वजन होतं नऊशे ग्रॅम. तिची आई यापूर्वी दोनदा रिकाम्या हातांनी घरी गेली होती. ती बाटलीकडे बघत बसायची.

सतराव्या दिवशी पोरगी आपली आपण श्वास घ्यायला लागली. सिस्टरांनी नळी काढली, ऑक्सिजन बंद केला.

बाटली बुडबुडत राहिली.

मी सिलिंडर तपासला. बाटली उचलून आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. तरी तेच. दमलेल्या माणसाला कुतूहल परवडत नाही. मी पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं.

पलीकडच्या खोलीत, आईच्या कुशीत, पोरगी निळी पडली.

मी श्वास द्यायचा फुगा दाबत होतो, छाती हलत नव्हती. सिस्टरांनी कुणाला न विचारता बाटली खुणेपर्यंत भरली. बुडबुडे आले. पोरगी रडली.

योगायोग आहे, पुन्हा एकदा ओतून बघू, असं मी म्हणालो.

"एकदा झाला तो अपघात, सर," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्यांदा कराल ते तुम्ही केलेलं असेल."

तेव्हापासून खिडकीतली ती बाटली भरणं हे प्रत्येक पाळीचं पहिलं काम. भंगार काढायचे तीन हुकूम आले. तिन्ही वेळा मी यादीत तिच्यापुढे 'वापरात' असं लिहिलं. मायलेकींना यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार?

काल दोघी शाळेसाठी तब्येतीचा दाखला न्यायला आल्या. मुलगी आता पाच वर्षांची, गुटगुटीत. सिस्टर तापानं घरी. बदलीवर नवी बाई.

मी छाती तपासली. स्वच्छ.

मुलीनं माझी बाही ओढली.

"डॉक्टरकाका, पाणी कमी झालंय."

माझ्या खोलीतून ती खिडकी दिसत नाही.

जाऊन बघितलं. खुणेच्या बोटभर खाली होतं.