केशरबाईंची चढाई

ज्याला खोटं वाटेल त्याने मोहने गावात येऊन मृणालला भेटावं. गेल्या फेब्रुवारीतली, रविवार संध्याकाळची गोष्ट. लख्ख उजेडात, सगळ्या वस्तीसमोर घडली.

मृणाल मुलींना कबड्डी शिकवते. आपल्या भागातला बायकांचा पहिला संघ केशरबाईंनी बांधला, हे तिला नुकतंच कळलेलं. सांगितलं त्या संघातल्या म्हाताऱ्या सखुबाईंनी.

"केशर चढाईत असतानाच गेली गं. साऱ्याजणींनी धरलेली. पण दम नव्हता सोडला. मधल्या रेषेकडं हात तसाच लांबवलेला."

अशा बाईचं नाव कुणाला ठाऊक नसावं? मृणालचं डोकंच फिरलं. तिने केशरबाईंच्या नावाने सामने ठेवले. त्या गेल्या त्याच मैदानावर.

मैदान कसलं, उरलेला तुकडा. बाकीच्यावर बिल्डिंग उभी. मृणालने जागा मिळाली तिथे फक्की टाकून रेषा आखल्या.

पहिली चढाई तिच्या भाचीची, शिवानीची.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

शिवानीने एकीला शिवलं. मागे फिरली. मधली रेषा ओलांडली. टाळ्या पडल्या.

पण... ती थांबलीच नाही.

"अगं, आलीस ना! बस झालं!" मृणाल ओरडली.

शिवानी मैदानाबाहेर पळाली. थेट बिल्डिंगकडे. आणि तोंडातला शब्द बदलला...

"हुतुतूतूतू..."

कबड्डीचा हा जुना शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता.

ती भिंतीवर आदळली. दोन्ही हातांनी भिंत खरवडू लागली. ओठ निळे पडले, तरी श्वास आत घेईना. मृणालने कंबरेला मिठी घालून ओढलं. पोर तसूभर हलली नाही. फक्त डोळे मावशीकडे वळले. सोडव म्हणत होते.

मागून सखुबाईंचा आवाज आला.

"जुनी मधली रेषा भिंतीच्या आत हाय गं. केशर अजून परत यायचीय..."

शिवानी बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे श्वास सुरू झाला. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

भिंतीमागचं घर कुलूपबंद आहे. मालक दुबईला, फोन उचलत नाही. आणि असल्या कारणासाठी भिंत कोण फोडू देणार?

आता रोज संध्याकाळी शिवानीचे ओठ हलायला लागतात. मृणाल तिचा हात धरून बसते आणि रडते. दुसरं करणार तरी काय?

परवापेक्षा काल दम जास्त टिकला.

आज... ऊन उतरायला लागलंय.